मोटारींची इंधन-कार्यक्षमता : मानकांचा वाद आणि व्याख्यांचे राजकारण

सप्टेंबर २०२५ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोने भारतातील मोटारींच्या इंधनवापराविषयीच्या मानकांच्या तिसऱ्या टप्प्याचा मसुदा प्रसिद्ध केला. आधीच्या दोन्ही टप्प्यांपेक्षा तो कडक होता. त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात, डिसेंबर २०२५ मध्ये, अमेरिकेच्या प्रशासनाने त्या देशातील अशीच मानके सैल करण्याचा प्रस्ताव मांडला. ज्या देशाने ही कल्पना १९७५ सालीच कायद्यात उतरवली तो मागे सरकत होता आणि ज्या देशाने ती चार दशकांनी स्वीकारली तो पुढे जात होता. वाद मात्र दोन्हीकडे झाला आणि त्याचे स्वरूप बरेचसे सारखे होते.

एक लिटर इंधनात मोटारीने किती किलोमीटर अंतर कापावे, हा वरकरणी अभियंत्यांचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नावर कायदेमंडळांत मतदाने झाली, न्यायालयांत खटले चालले, कामगार संघटना आणि कारखानदार एका बाजूला उभे राहिले आणि एकाच उद्योगातील कंपन्या परस्परांविरुद्ध गेल्या. या वादांचा बारकाईने मागोवा घेतल्यास एक गोष्ट ध्यानात येते. भांडण जाहीरपणे आकड्यावर होते. पण निकाल बहुधा व्याख्येवर लागतो. कोणते वाहन कोणत्या वर्गात मोजायचे, वजनाने मोजायचे की आकाराने आणि मोजण्याचा अधिकार कोणत्या खात्याचा, हे ज्याने ठरवले त्याने अर्धा वाद जिंकलेला असतो.

सरासरीचा हिशेब

आरंभी एक गल्लत दूर करणे आवश्यक आहे. 'भारत स्टेज' या नावाने परिचित असलेली मानके ही उत्सर्जनाची मानके होत. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, सूक्ष्म कण अशा घातक घटकांवर ती मर्यादा घालतात. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीच्या शिफारशींवर आधारलेले २००३ चे वाहन-इंधन धोरण प्रामुख्याने या मानकांशी संबंधित होते. इंधन-कार्यक्षमतेची मानके वेगळी. ती इंधन किती जळते हे पाहतात. इंधन जितके जळेल त्या प्रमाणात कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर पडतो; म्हणून या मानकांचा संबंध एकीकडे तेलाच्या आयातीशी आणि दुसरीकडे हवामानबदलाशी पोहोचतो.

ही मानके प्रत्येक मोटारीला स्वतंत्रपणे लागू होत नाहीत. एका कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींची सरासरी काढली जाते आणि त्या सरासरीने ठरावीक पातळी गाठावी अशी अपेक्षा असते. 'कॉर्पोरेट अ‍ॅव्हरेज फ्युएल इकॉनॉमी' या मूळ नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'कॅफे' मानके म्हणतात. कंपनीने इंधन अधिक पिणारी मोटार विकण्यास मनाई नाही. मात्र तिची भरपाई काटकसरी मोटारी विकून करावी लागते.

येथे सरासरी कशी काढायची हेही समजून घेतले पाहिजे. समजा, एका कंपनीने लिटरला १० किलोमीटर धावणारी एक आणि २० किलोमीटर धावणारी एक अशा दोन मोटारी विकल्या. सरासरी १५ वाटते. परंतु पहिली मोटार १०० किलोमीटरला १० लिटर आणि दुसरी ५ लिटर इंधन घेते. दोहोंची सरासरी साडेसात लिटर, म्हणजे लिटरला सुमारे १३.३ किलोमीटर. अमेरिकी कायद्यातील सरासरीही याच पद्धतीची, म्हणजे हरात्मक असते. याचा एक परिणाम धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लिटरला ८ किलोमीटर देणारी मोटार १० वर आली, तर दर १०० किलोमीटरमागे अडीच लिटर वाचते. २० देणारी मोटार २५ वर आली, तर एकच लिटर वाचते. दोन्हींत सुधारणा २५ टक्क्यांचीच. जड, खादाड वाहनांतील अल्प सुधारणाही म्हणूनच मोलाची ठरते आणि नेमकी तीच वाहने अमेरिकेत दीर्घकाळ सैल नियमांखाली राहिली.

तेलटंचाईतून आलेला कायदा

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल-उत्पादक देशांनी अमेरिकेला तेलपुरवठा बंद केला. काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला आणि पेट्रोल पंपांपुढे मोटारींच्या रांगा लागल्या. त्या काळात अमेरिकेतील नवी मोटार सरासरीने गॅलनला साधारण १३ ते १४ मैल, म्हणजे लिटरला सहा किलोमीटरहूनही कमी धावत होती. २२ डिसेंबर १९७५ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जा धोरण व संवर्धन कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने प्रवासी मोटारींसाठी १९७८ च्या मॉडेल-वर्षाला गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर, ही पातळी निश्चित केली. पुढील मानके ठरवण्याचे काम राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे आले. मानक 'शक्य तितके कमाल' असावे. मात्र ते ठरवताना तांत्रिक शक्यता, आर्थिक व्यवहार्यता, शासनाच्या अन्य मानकांचा परिणाम आणि ऊर्जाबचतीची राष्ट्रीय गरज या चार बाबी विचारात घ्याव्यात, असे कायद्याने सांगितले. या चौघांपैकी कोणत्या बाबीला किती वजन द्यायचे, हे कायद्याने सांगितले नाही. पुढील प्रत्येक अध्यक्षाच्या प्रशासनाने आपापल्या कलानुसार ते ठरवले.

पहिल्या दशकात मानकांचा परिणाम दिसला, कारण तेलाचे भावही चढे होते. १९८० च्या दशकाच्या मध्यास भाव कोसळू लागले आणि ग्राहक पुन्हा मोठ्या मोटारींकडे वळला. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्या अर्जांवरून १९८६ च्या मॉडेल-वर्षाचे मानक २७.५ वरून २६ मैलांवर आणण्यात आले. या सवलतीला क्रायस्लर कंपनीने विरोध केला, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. क्रायस्लरने मानक गाठण्यासाठी भांडवल आधीच गुंतवले होते. स्पर्धकांना सूट मिळणे म्हणजे तिच्या गुंतवणुकीवर पाणी पडणे होते. 'उद्योगाचा विरोध' असा सरसकट शब्दप्रयोग या विषयात फारसा उपयोगी नाही, तो यामुळेच. ज्याची गुंतवणूक झाली आहे तो कडक नियमाच्या बाजूने असतो आणि ज्याची व्हायची आहे तो सवलतीच्या.

१९९० मध्ये नेव्हाडाचे सिनेटर रिचर्ड ब्रायन यांनी ही पातळी दशकभरात ४० टक्क्यांनी वाढवण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले होते. तेलाच्या परावलंबनाची जाणीव तीव्र होती. तरीही सप्टेंबरमध्ये चर्चा थांबवून विधेयक मतास टाकण्याचा ठराव ५७ विरुद्ध ४२ मतांनी अडला. साध्या बहुमताचा प्रश्न नव्हता; अशा ठरावास ६० मते लागत. तीन मते कमी पडली. त्यानंतर विरोधकांनी अधिक सोपा मार्ग शोधला. १९९६ ते २००१ या वित्तीय वर्षांत परिवहन खात्याच्या खर्चाच्या विधेयकात एक कलम घातले जाऊ लागले : मानके वाढवण्याच्या कामावर खात्याने निधी खर्च करू नये. मानक कायद्यात होतेच. ते वाढवायचे की नाही याचा अभ्यास करण्यावर बंदी आली. प्रवासी मोटारींसाठी २७.५ मैलांचे मानक १९९० पासून २०१० च्या मॉडेल-वर्षापर्यंत जागचे हलले नाही.

'हलका ट्रक' नावाची वाट

आकडा स्थिर राहिला. परंतु त्याखालची वाहने बदलली. १९७५ च्या कायद्याने प्रवासी मोटार आणि 'हलका ट्रक' असे दोन वर्ग केले होते. शेतकरी, सुतार, छोटे कंत्राटदार यांची मालवाहू पिक-अप वाहने मोटारींच्या नियमात बसवणे अन्यायाचे होईल, असा त्यामागील विचार होता आणि तो त्या वेळी अयोग्य नव्हता. या वर्गाचे मानक सैल होते. १९७९ च्या मॉडेल-वर्षाला ते गॅलनला १७.२ मैल इतके होते. त्यातच १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात होती. परदेशी स्पर्धा नाही आणि मानकही सैल, अशा वर्गात नफा कोठून येणार हे डेट्रॉइटला सांगावे लागले नाही.

ट्रकच्या सांगाड्यावर प्रशस्त बैठक बसवून कुटुंबासाठी वाहन तयार करण्यात आले. तेच स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल, म्हणजे 'एसयूव्ही'. कायद्याच्या लेखी ते ट्रकच होते. मागील आसने काढून सपाट जागा तयार करता येत असल्यास मिनीव्हॅनही ट्रक ठरे. क्रायस्लरची पीटी क्रूझर ही दिसायला सरळसरळ मोटार. तीही या कसोटीवर हलका ट्रक म्हणून मोजली गेली. २००४ मध्ये सुबारूने आपल्या आउटबॅक या मोटारीत थोडे फेरफार करून तिला ट्रकच्या व्याख्येत बसवले. याच्या उलट टोकाला हमर एच-२ सारखी वाहने होती. त्यांचे एकूण वजन ८,५०० पौंडांहून अधिक असल्याने ती कोणत्याच मानकाखाली येत नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नव्या वाहनांत हलक्या ट्रकचा हिस्सा साधारण एकपंचमांश होता; २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो निम्म्याच्या घरात गेला. कोणत्याही कंपनीने नियम मोडला नाही आणि तरीही एकंदर ताफ्याची कार्यक्षमता घसरली.

१९८८ च्या एका कायद्याने दुसरी वाट उघडली. मद्यार्कमिश्रित इंधनावरही चालू शकणाऱ्या वाहनांना सरासरीत वाढीव गुण मिळू लागले. ही वाहने प्रत्यक्षात बहुतेक वेळ पेट्रोलवरच धावत. गुण मात्र पूर्ण मिळत.

कोण कोणाच्या बाजूने

अमेरिकेतील या वादाचे वर्णन अनेकदा 'डेमोक्रॅट विरुद्ध रिपब्लिकन' असे केले जाते. अलीकडच्या काळापुरते ते बरेचसे खरे आहे. २००८ पूर्वी नव्हते. मिशिगन राज्याचे सिनेटर कार्ल लेव्हिन आणि त्याच राज्याचे प्रतिनिधीगृहातील ज्येष्ठ सदस्य जॉन डिंगेल हे दोघेही डेमोक्रॅट आणि दोघेही वाढीव मानकांचे खंबीर विरोधक होते. २००२ मध्ये जॉन केरी या डेमोक्रॅट आणि जॉन मॅकेन या रिपब्लिकन सिनेटरांनी मिळून २०१५ पर्यंत गॅलनला ३६ मैलांचे उद्दिष्ट सुचवले. त्याऐवजी लेव्हिन आणि मिसुरीचे रिपब्लिकन सिनेटर ख्रिस्तोफर बाँड यांची उपसूचना ६२ विरुद्ध ३८ मतांनी संमत झाली आणि निर्णय पुन्हा परिवहन खात्यावर सोपवण्यात आला. मतदारसंघात मोटारीचा कारखाना आहे की नाही, हा प्रश्न पक्षापेक्षा मोठा ठरत होता.

कामगार संघटनेची भूमिकाही साधी नव्हती. युनायटेड ऑटो वर्कर्स ही संघटना मानके फार वेगाने वाढवण्याच्या विरोधात कंपन्यांच्या सोबत होती. पण एका कलमाला ती घट्ट चिकटून राहिली : देशात बनवलेल्या आणि आयात केलेल्या मोटारींची सरासरी स्वतंत्रपणे काढण्याचे कलम. ते नसते, तर कंपन्यांनी छोट्या मोटारी परदेशातून आणून सरासरी साधली असती आणि देशातील छोट्या मोटारींचे कारखाने बंद पडले असते.

विरोधकांचा सर्वांत गंभीर युक्तिवाद सुरक्षिततेचा होता. इंधन वाचवण्याचा सोपा उपाय म्हणजे मोटार हलकी व लहान करणे आणि अपघातात लहान मोटारीतील माणसे अधिक दगावतात. २००२ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने या प्रश्नाचा आढावा घेतला. मोटारींची कार्यक्षमता वाढली नसती, तर अमेरिकेचा पेट्रोलचा खप दिवसाला सुमारे २८ लाख पिंपांनी अधिक असता, असे तिने नोंदवले. त्याचबरोबर मोटारींचे वजन व आकार घटल्यामुळे १९९३ या एका वर्षात १,३०० ते २,६०० अधिक मृत्यू झाले असावेत, असाही अंदाज दिला. समितीतील दोन सदस्यांनी या अंदाजाशी असहमती नोंदवली. एका मोटारीचे वजन घटणे आणि रस्त्यावरील सर्वच वाहनांचे वजन घटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हलक्या मोटारीला धोका असतो तो बव्हंशी समोरून येणाऱ्या जड वाहनाचा, असा या असहमतीचा आशय सांगता येईल.

अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप निराळ्या दिशेने येतो. मानक केवळ नव्या मोटारींना लागू होते. जुन्या मोटारींना नाही. शिवाय मोटार काटकसरी झाली, की प्रवास स्वस्त होतो आणि माणूस थोडे अधिक फिरतो. बचतीचा काही भाग तेथे खर्ची पडतो. इंधनावर कर वाढवल्यास जुन्या-नव्या सर्व वाहनांवर आणि प्रत्येक किलोमीटरवर परिणाम होतो. तर्क निर्दोष आहे. परंतु अमेरिकेचा केंद्रीय पेट्रोलकर १९९३ मध्ये गॅलनला १८.४ सेंट झाला तो पुढील तीन दशकांत एका सेंटानेही वाढला नाही. पंपावरचा कर मतदाराला दर आठवड्यास दिसतो. मानकाचा खर्च मोटारीच्या किमतीत मिसळून जातो. राजकारण्यांनी मानकाचा मार्ग पत्करला तो अर्थशास्त्र न कळल्यामुळे नव्हे.

तीन अधिकारी, एक मोटार

२००७ हे वर्ष या वादात निर्णायक ठरले. २ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने मॅसॅच्युसेट्स राज्याच्या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निर्णय दिला, की हरितगृह वायू हे शुद्ध हवा कायद्याच्या अर्थाने प्रदूषकच होत. कर्बवायूवर मर्यादा घालणे म्हणजे व्यवहारात इंधनवापरावर मर्यादा घालणे. त्यामुळे पर्यावरण संरक्षण संस्था ही या क्षेत्रातील दुसरी अधिकारी झाली. तिसरे कॅलिफोर्निया राज्य. केंद्राच्या आधीपासून स्वतःचे वायुप्रदूषण-नियम असल्यामुळे केंद्राच्या विशेष अनुमतीने अधिक कडक नियम करण्याची मुभा या एकाच राज्याला आहे आणि इतर राज्ये ते नियम स्वीकारू शकतात. त्याच वर्षी १९ डिसेंबर रोजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नव्या ऊर्जा कायद्यावर स्वाक्षरी केली. सिनेटमध्ये तो ८६ विरुद्ध ८ मतांनी संमत झाला होता. २०२० पर्यंत मोटारी व हलके ट्रक मिळून गॅलनला किमान ३५ मैल, हे त्याचे उद्दिष्ट होते. त्याने मोजपट्टीही बदलली. सर्वांना एकच आकडा न लावता वाहनाच्या पाऊलठशाप्रमाणे, म्हणजे चार चाकांनी व्यापलेल्या क्षेत्रफळाप्रमाणे, उद्दिष्ट ठरू लागले. वाहन मोठे असेल तर उद्दिष्ट सैल, लहान असेल तर कडक. वाहन लहान करून फायदा नाही, म्हणून सुरक्षिततेचा आक्षेप बोथट झाला. वाहन मोठे केल्यास मात्र सवलत मिळू लागली.

मे २००९ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांनी तिन्ही अधिकाऱ्यांचे नियम एका सूत्रात आणण्याची घोषणा केली. जनरल मोटर्स आणि क्रायस्लर तेव्हा सरकारी मदतीवर तगून होत्या आणि सर्वच कंपन्यांना तीन नियमांपेक्षा एक नियम परवडणारा होता. २०१२ मध्ये २०२५ साठी गॅलनला ५४.५ मैलांचे उद्दिष्ट जाहीर झाले. हा आकडा प्रयोगशाळेतील चाचणीचा आणि विविध सवलतींसह काढलेला होता; रस्त्यावर त्याचा अर्थ बराच कमी होता. प्रचारात दोन्ही बाजूंनी मात्र ५४.५ हाच आकडा वापरला.

त्यानंतर लंबक हलू लागला. २०२० मध्ये ट्रम्प प्रशासनाने वार्षिक वाढ सुमारे ५ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आणली आणि त्याआधी, २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियाची अनुमतीही काढून घेतली. या वेळी उद्योग उघडपणे दुभंगला : फोर्ड, होंडा, फोक्सवॅगन व बीएमडब्ल्यू यांनी कॅलिफोर्नियाशी स्वतंत्र समझोता केला, तर जनरल मोटर्स, टोयोटा व फियाट क्रायस्लर केंद्राच्या बाजूने न्यायालयात उभ्या राहिल्या. बायडेन प्रशासनाने २०२२ मध्ये २०२६ साठी ४९ मैल आणि २०२४ मध्ये २०३१ साठी सुमारे ५०.४ मैल अशी पातळी निश्चित केली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मानकाचा आकडा न बदलता मानक न पाळल्याबद्दलचा दंडच शून्यावर आणला. डिसेंबर २०२५ चा प्रस्ताव २०३१ साठी सुमारे ३४.५ मैलांचा, म्हणजे लिटरला १५ किलोमीटरहूनही किंचित कमी होता. पाच वर्षे पुढचे इंजिन आखणाऱ्या अभियंत्याच्या दृष्टीने दर चार वर्षांनी फिरणारा नियम हा कडक किंवा सैल नियमापेक्षाही गैरसोयीचा असतो, हे कंपन्यांनीच वेळोवेळी सांगितले आहे.

भारतातील वाटचाल

भारतात वादाचा आरंभ आकड्यापासून नव्हे, अधिकारापासून झाला. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखालील ऊर्जा दक्षता ब्युरो १ मार्च २००२ रोजी स्थापन झाला आणि तो ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. ऊर्जा वापरणाऱ्या उपकरणांची मानके ठरवण्याचा अधिकार या कायद्याने दिला. मोटार हे असे उपकरण आहे काय? रस्ते परिवहन मंत्रालयाच्या मते मोटारींविषयीचे नियम १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली येतात. या प्रश्नावर काही वर्षे गेली. अखेर कामाची विभागणी झाली : मानक ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ठरावे आणि अंमलबजावणी परिवहन मंत्रालयाने करावी. मोटारींची चाचणी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, मानेसरचे केंद्र अशा अधिकृत संस्थांत होते.

पहिली अधिसूचना जानेवारी २०१४ मध्ये निघाली आणि एप्रिल २०१५ च्या सुधारणेनंतर दोन टप्पे निश्चित झाले. २०१७-१८ पासून १०० किलोमीटरला सरासरी ५.४९ लिटर, म्हणजे लिटरला सुमारे १८.२ किलोमीटर, २०२२-२३ पासून ४.७७ लिटर, म्हणजे लिटरला सुमारे २१ किलोमीटर. कर्बवायूच्या भाषेत हे अनुक्रमे किलोमीटरला १३० व ११३ ग्रॅम होतात. अमेरिकी आकड्यांशी तुलना केल्यास भारताचे मानक कडक दिसते. भारतीय मोटारी मुळातच लहान व हलक्या आहेत आणि चाचणीची पद्धतही भिन्न आहे, हे विसरता येत नाही.

२०२२ पर्यंत मानक न पाळणाऱ्यास फारसे भय नव्हते. त्या वर्षीच्या ऊर्जा संवर्धन (सुधारणा) कायद्याने, जो १ जानेवारी २०२३ पासून अंमलात आला, वाहनागणिक दंड ठरवला : १०० किलोमीटरमागे ०.२ लिटरपर्यंत मर्यादा ओलांडल्यास प्रतिवाहन २५,००० रुपये, त्याहून अधिक ओलांडल्यास ५०,००० रुपये. हजारो वाहनांवर हा हिशेब केला, की रक्कम कोटींत जाते. साहजिकच २०२२-२३ या पूर्ण वर्षाला नवा दंड लावायचा, की १ जानेवारीनंतरच्या विक्रीलाच, यावर मतभेद झाले.

वजन, लांबी आणि छोटी मोटार

भारताने मोजपट्टी वजनाची निवडली. दुसऱ्या टप्प्यात १,०८२ किलोग्रॅम हे सरासरी वजन धरले असून त्यापेक्षा प्रत्येक किलोग्रॅम अधिक वजनास १०० किलोमीटरमागे ०.००२ लिटरची मुभा मिळते आणि कमी वजनास तितकीच कात्री लागते. ८०० किलोग्रॅमच्या मोटारीला या सूत्राने सुमारे ४.२ लिटरचे, म्हणजे लिटरला जवळजवळ २४ किलोमीटरचे उद्दिष्ट येते. १,५०० किलोग्रॅमच्या मोटारीला सुमारे ५.६ लिटरचे, म्हणजे लिटरला १८ किलोमीटरहून किंचित कमी. जड मोटार एकंदरीत अधिक इंधन जाळते, तरी तिचे उद्दिष्ट सैल. छोटी मोटार कमी जाळते, तरी तिचे कडक. शिवाय मोटार हलकी करण्यासाठी खर्च केला, तर उद्दिष्टही कडक होत जाते.

सप्टेंबर २०२५ चा मसुदा २०२७-२८ ते २०३१-३२ या काळासाठी होता. त्यात ९०९ किलोग्रॅमपर्यंत वजन, १,२०० घन सेंटिमीटरपर्यंत इंजिन आणि ४ मीटरपर्यंत लांबी असलेल्या पेट्रोल मोटारींना विशेष सवलत सुचवली होती. छोट्या मोटारींचा मोठा उत्पादक असलेल्या मारुती सुझुकीने सवलतीची बाजू घेतली : दुचाकीवरून मोटारीकडे येणाऱ्या कुटुंबाची पहिली मोटार महाग होऊ नये, ती इंधनही कमीच जाळते. टाटा मोटर्स आणि महिंद्रा यांचा आक्षेप होता, की वजनावर आधारलेली अशी सूट प्रामुख्याने एकाच उत्पादकाला लाभते आणि वजन घटवण्याची अट सुरक्षित बांधणीच्या आड येते. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे आणि दोन्हींमागे आपापला ताफा आहे. क्रायस्लरने १९८५-८६ मध्ये घेतलेल्या भूमिकेची येथे आठवण होते.

व्याख्या मोटारीचा आकार कसा घडवते, याचा अनुभव भारताला नवा नाही. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलसाठी १,२०० व डिझेलसाठी १,५०० घन सेंटिमीटरपर्यंत इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले. काही वर्षांतच मागील डिक्की आखूड केलेल्या, चार मीटरच्या आत बेताने बसवलेल्या मोटारी रस्त्यावर आल्या. पुढे त्याच मापात उंच बांध्याच्या छोट्या एसयूव्हीही आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हाही छोट्या मोटारीची हीच मापे कायम राहिली. दरम्यान, युटिलिटी वाहनांचा हिस्सा देशातील प्रवासी वाहनांच्या विक्रीत निम्म्याहून पुढे गेला. विजेवर चालणाऱ्या मोटारीचे गणित आणखी वेगळे : दुसऱ्या टप्प्यात अशी एक मोटार सरासरीत तीन मोटारींएवढी, तर पूर्ण हायब्रिड मोटार दोन मोटारींएवढी मोजली जाते. विजेच्या वाहनांना उत्तेजन म्हणून हे योग्य ठरते. पण त्याच आधारे कंपनीला जड मोटारी विकण्यास वाव मिळतो, हेही खरे.

मोजणीबाहेरची वाहने

देशाच्या खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते, हा या मानकांच्या समर्थनातील मुख्य आधार होय. परंतु हे तेल जाते कोठे? २०१४ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन व विश्लेषण कक्षासाठी झालेल्या पाहणीत किरकोळ विक्रीतील सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकी वाहनांत आणि सुमारे ३४ टक्के मोटारींत जाते, असे आढळले होते. एकेक दुचाकी अल्प इंधन घेते. त्यांची संख्या मात्र प्रचंड आहे. कॅफे मानके ३,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या प्रवासी मोटारींसाठी आहेत. ९०९ किलोग्रॅमच्या रेषेवर २०२५ च्या अखेरीस मोठ्या कंपन्या एकमेकींविरुद्ध बाजू मांडत असताना, देशातील पेट्रोलचा सर्वांत मोठा वाटा ज्या वाहनांत जळतो ती या सरासरीच्या हिशेबात नव्हती.